निळं पाणी, करवंटीचा कोळसा आणि न दिसणारं मीठ: वेंगुर्ल्याकडचं एक प्रकरण

वेंगुर्ल्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत, एका वाडीत बायकांचा बचत गट कापड रंगवतो. गावाचं नाव सांगत नाही, गरजही नाही. टाय-डाय केलेल्या सुती ओढण्या, स्टोल, पिशव्या, अधूनमधून साड्या. गिऱ्हाईक म्हणजे होमस्टेला येणारे लोक आणि पुण्या-मुंबईची दोन-चार दुकानं. काम चालतं घरामागच्या मांगरात, तिथे चूल, मोठी पातेली, प्लॅस्टिकचे टब आणि बाहेर माडांना बांधलेल्या दोऱ्या. रंगाचं पाणी पाट काढून सरळ माडांच्या आळ्यात सोडलेलं, कारण माडाला काय, काहीही चालतं अशी सगळ्यांची समजूत. आणि खरं सांगायचं तर माडांना काही झालंही नव्हतं.

झालं ते विहिरीला. एप्रिल संपता संपता शेजारच्या आजी पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "गे वहिनी, बावडेचा पाणी असा कित्याक दिसता?" तांब्याच्या कळशीत ते पाणी ठीकच वाटत होतं, पांढऱ्या बादलीत मात्र निळसर झाक स्पष्ट दिसत होती. गटाने त्याच दिवसांत फिरोजी रंगाची मोठी ऑर्डर काढली होती, त्यामुळे कुणाचं पाणी ते विचारायची वेळच आली नाही. मी केमिस्ट्री शिकवतो आणि पीएच पट्ट्या (पाणी आंबट की अल्कधर्मी ते सांगणाऱ्या), टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असलं सामान घरात असतं म्हणून मला बोलावणं आलं. पुढचं सगळं त्यातलंच, काही त्यांनी केलेलं, काही मी सुचवलेलं.

पहिलं म्हणजे पाणी इतक्या लवकर विहिरीत पोचलं कसं. आपल्याकडे खाली जांभा आहे. जांभा म्हणजे भोकांचा आणि भेगांचा दगड, पावसाळ्यात विहिरी आठवड्याभरात वर येतात त्या यामुळेच. पण जी वाट पावसाच्या पाण्याला आहे तीच रंगाच्या पाण्याला पण आहे ना. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती असले रंग थोडेफार धरतात सुद्धा, पण पाणी मातीतून हळूहळू झिरपलं तर. भेगेतून धावलं तर काही धरत नाही. त्यात एप्रिल-मे म्हणजे विहिरीत तळाला पाणी, म्हणजे मिसळून पातळ व्हायलाही काही नाही, आणि पर्यटकांचा सीझन तोच, म्हणजे रंगवायचं कामही तेव्हाच जोरात.

आता गटाने काय केलं, तर व्हिडिओ बघितले. असल्या व्हिडिओत एक माणूस निळ्याशार पाण्यात कोळशाची पूड टाकतो, ढवळतो, गाळतो, आणि खाली नितळ पाणी! करवंट्या तर आपल्याकडे ढिगाने. मग जुन्या पत्र्याच्या ड्रममध्ये करवंट्या जाळून कोळसा केला, बादलीला भोकं पाडून त्यात खडी, वाळू, कोळसा असे थर भरले आणि रंगाचं पाणी ओतलं. वरून निळं ओतलं, खालून निळंच आलं. थोडं फिकट झालं असेल, पण ते कोळशात आधीच असलेल्या ओलाव्यामुळे असावं असा माझा अंदाज.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा रंग वेगळा होता इतकंच. असल्या प्रयोगात जवळपास नेहमी मिथिलीन ब्लू वापरतात, तेच जे माशांच्या टाकीत औषध म्हणून घालतात. हाइनरिश कारो या केमिस्टने १८७६ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीत बनवलेला हा रंग, रेणू लहान, रेणुभार ३२० च्या आसपास, आणि पाण्यात त्याच्यावर धन भार असतो. कोळसा, लाकडाचा भुसा, चहाचा चोथा, भाताचं तूस, या सगळ्या वनस्पतीच्या वस्तूंचा पृष्ठभाग साध्या पाण्यात बहुतेक वेळा ऋण भाराचा, त्यामुळे मिथिलीन ब्लू कशालाही चिकटतो. अक्षरशः कशालाही. म्हणून जगभर विद्यार्थी प्रोजेक्टला तोच घेतात, छान आलेख येतात आणि मार्क मिळतात.

गट जे रंग वापरतो ते रिअ‍ॅक्टिव्ह. सुती कापडाला आज बहुतेक तेच वापरतात कारण ते धाग्याशी रासायनिक बंध करतात आणि धुतल्यावर जात नाहीत. हे रंग पाण्यात ऋण भाराचे असतात, कारण त्यांना सल्फोनेटच्या, म्हणजे ऋण भाराच्या, शेपट्या लावलेल्या असतात, त्याशिवाय ते विरघळणारच नाहीत. आणि रेणू मोठे. नेहमीचा काळा, रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५, त्याचा रेणुभार जवळपास ९९२. फिरोजी रंग बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह ब्लू २१ च्या जातीचा, त्याच्या मध्यभागी तांब्याचा अणू आणि भोवती मोठं सपाट कडं, तो याहूनही मोठा. आता करवंटीच्या कोळशाची छिद्रं बघा. ती बहुतेक २ नॅनोमीटरपेक्षा लहान, ज्यांना मायक्रोपोर म्हणतात. क्लोरीन काढायला, वास काढायला, आयोडीनसारखे लहान रेणू धरायला एकदम मस्त, म्हणून तर घरच्या वॉटर फिल्टरमध्ये करवंटीचाच कार्बन असतो. पण त्यात फिरोजीचा रेणू घुसवणं म्हणजे दशावताराच्या कंपनीचा पेटारा रिक्षात बसवण्यासारखं आहे, जागा आत भरपूर आहे पण दारातून जाईल तर शप्पथ.

इथे बाजारातल्या पिशवीवरच्या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण गटातल्या एका ताईने ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (म्हणजे प्रक्रिया करून छिद्रं वाढवलेला कोळसा) शोधला आणि 'आयोडीन व्हॅल्यू ९००' वाला जास्त भारी म्हणून तोच घ्यायचा ठरवला. आयोडीन नंबर लहान छिद्रं मोजतो. रंगासाठी बघायचा असतो तो मिथिलीन ब्लू नंबर, किंवा अजून मोठ्या रेणूसाठी मोलॅसिस नंबर, जो नावाप्रमाणे काकवीचा रंग किती काढतो त्यावरून काढतात. साखर धंद्याला हे फार जुनं माहीत आहे. १७८५ साली टोबियास लोविट्झने कोळसा घालून द्रावणांचा रंग काढून दाखवला, त्यानंतर काही दशकांत युरोपात साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरायला लागले. त्यामुळे कोळशाने रंग काढणं हा काही नवीन शोध नाही, कुठल्या रंगाला कुठला कोळसा हाच त्यातला खरा प्रश्न.

आम्ही मग बाटल्यांची चाचणी लावली, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग हाच, कारण याला मशीन लागत नाही. आधी रंगाची पट्टी बनवली. एका लिटर पाण्यात १ ग्रॅम रंग, मग त्यातून दहापट पातळ केलं की १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, मग प्रत्येक वेळी निम्मं पाणी घालत ५०, २५, १२, ६, ३. सगळ्या सारख्या पारदर्शक बाटल्या, मागे पांढरा कागद, मांगराच्या खिडकीत ओळीने. (रंग नुसता पाण्यात विरघळवलेला आणि टबातला वापरून झालेला यांच्या छटेत थोडा फरक पडतो, पण डोळ्यांनी तुलना करायला चालून जातं.) मग टबातलं पाणी ओळखीच्या पातळीला आणून एकेक लिटरच्या बाटल्यांत भरलं, एकीत १ ग्रॅम कोळशाची पूड, दुसरीत २, मग ५, मग १०, आणि एक बाटली नुसती, कोळशाशिवाय. ही कोळशाशिवायची बाटली लोक नेहमी विसरतात. दोन-तीन तास अधूनमधून हलवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी फिल्टर पेपरमधून गाळून पट्टीशी लावून बघायचं. कापडातून गाळलं तर कोळशाची बारीक पूड खाली येते आणि पाणी राखाडी दिसतं, रंग कळत नाही.

कोळसे घेतले चार प्रकारचे. करवंटीचा घरचा. राइस मिलच्या भट्टीतलं जळकं तूस, फुकट मिळालं. सुरूच्या लाकडाचा. आणि दुकानातली लाकडापासून बनवलेली अ‍ॅक्टिव्हेटेड पूड. काजूच्या टरफलांचा पण विचार झाला कारण वेंगुर्ल्यात काजूचे कारखाने आहेत आणि टरफलं ढिगाने पडलेली असतात, पण त्यात जे तेल असतं ते जळताना धूर असला निघतो की डोळे आणि घसा दोन्ही जातात, आणि अंगावर उडालं तर कातडी भाजते. घरगुती ड्रममध्ये ते करू नये, सरळ सांगतो.

आता ड्रमचं. पहिला कोळसा उघड्या आगीत केला होता म्हणून निम्मी राख झाली. नंतर ड्रममध्ये ड्रम असं केलं. आतल्या ड्रममध्ये सुक्या करवंट्या गच्च भरून झाकण बंद, खाली बारीक भोकं, आणि बाहेरच्या ड्रममध्ये जाळ. आतला वायू भोकांतून बाहेर येतो आणि स्वतःच पेट घेतो, तो पेटायचा थांबला की झालं. ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान असं जाळलं तर करवंटीच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कोळसा मिळतो. हा कोळसाच, अ‍ॅक्टिव्हेटेड नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड करायला ८०० अंशांच्या वर वाफ सोडावी लागते नाहीतर फॉस्फोरिक अ‍ॅसिडसारखं रसायन लावून भाजावं लागतं, त्याने छिद्रं वाढतात आणि रुंद होतात. लिंबाच्या रसात भिजवून ओव्हनमध्ये ठेवला की अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल तयार, असं सांगणारे बरेच आहेत, त्यांनी फक्त लिंबं वाया घालवली.

आणि धुणं. नवीन कोळशात राख असते, राखेत पोटॅश, त्यामुळे पहिलं पाणी अल्कधर्मी येतं. तीन-चार पाण्यांनी धुवायचा, आणि वापरायच्या आधी पूर्ण दिवस भिजत ठेवायचा, नाहीतर छिद्रात हवा असते आणि कोळसा तरंगतो.

पहिल्या बाटल्यांचा निकाल निराशाजनक होता, दुकानातली पूड सोडली तर कुणीच फारसं काही केलं नाही आणि तिनेही अपेक्षेपेक्षा कमीच. कारण पीएच. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापडाला पक्का करायला सोडा अ‍ॅश (म्हणजे सोडियम कार्बोनेट) घालतात, टबाचा पीएच साडेदहा-अकरापर्यंत जातो. इतक्या अल्कलीत कोळशाचा पृष्ठभाग ठार ऋण भाराचा होतो आणि रंगही ऋण, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात. पीएच सहाच्या खाली आणला की हे ढकलणं कमी होतं. टबातलं मीठ, रंग कापडावर बसावा म्हणून घातलेलं, मात्र इथे मदतीला येतं, ते भारांना झाकून टाकतं आणि रंग कोळशाजवळ जायला तयार होतो. एका वहिनीने कोकमाचं आगळ घालून बघितलं, घरात होतंच. पीएच खाली आला पण पाणी लालजांभळं झालं, मग हसण्यातच संध्याकाळ गेली.

आंबट काय घालायचं याचा हिशोब केला तेव्हा सगळे जरा गप्प झाले. ५ किलो कापडाला त्यांचा टब १०० लिटरचा. लिटरला १५ ग्रॅम सोडा म्हटलं तर दीड किलो सोडा अ‍ॅश. तो पूर्ण मारायला साधारण १ किलो ७०० ग्रॅम शुद्ध अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लागतं. किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये त्याचं प्रमाण चारेक टक्के, म्हणजे एका टबाला चाळीस लिटरच्या वर व्हिनेगर! डाईंगवाले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड कॅनमध्ये आणतात ते परवडतं, पण ते हाताळायला चष्मा आणि हातमोजे पाहिजेत, आणि हळूहळू घालायचं कारण सोड्यातून कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर येतो, टब भरलेला असला तर उतू जातो.

पीएच खाली आणून पुन्हा बाटल्या लावल्या, तेव्हा चित्र बदललं. दुकानातल्या लाकडाच्या पुडीने लाल आणि नेव्ही जवळपास साफ काढले. सुरूचा कोळसा आणि जळकं तूस दुसऱ्या नंबरवर, त्यातही तुसात निम्मी सिलिका असूनही ते बरं चाललं. करवंटीचा शेवटून पहिला. फिरोजीला मात्र एकाही घरच्या कोळशाने दाद दिली नाही. आणि काळ्याची गंमत बघण्यासारखी होती. काळा गाळून पाणी आलं ते नारिंगी. दुकानात मिळणारा काळा हा एकच रंग नसतो, नेव्ही काळ्यात नारिंगी-लाल मिसळून दाट काळा करतात. कोळशाने नेव्ही धरला आणि नारिंगी सोडला. एका ताईला वाटलं कोळशाला गंज लागला.

घरचा न अ‍ॅक्टिव्हेट केलेला कोळसा असल्या रंगाचे ग्रॅममागे पाच-दहा मिलिग्रॅम धरतो असं धरून चाला, त्यावरच हिशोब करायचा. मिथिलीन ब्लूवर चांगल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे आकडे २००-३०० पर्यंत जातात ते वाचून ड्रम बांधायला घेतला तर फसायला होतं. गटाच्या टबाचं बघू. ५ किलो कापड, वजनाच्या ३ टक्के रंग म्हणजे १५० ग्रॅम. त्यातला ७० टक्के कापडावर बसला तर ४५ ग्रॅम पाण्यात. ग्रॅमला १० मिलिग्रॅम या दराने ४५ ग्रॅम रंगाला साडेचार किलो कोळसा, दर टबाला. करवंटीचा पाव हिस्सा कोळसा होतो म्हणजे अठरा किलो करवंट्या एका दिवसाच्या कामाला. आता सांगा, इतके नारळ कोण फोडणार.

इथेच खरं म्हणजे प्रकरणाची दिशा बदलली. तोपर्यंत सगळ्यांचं डोकं फिल्टर मोठा कसा करायचा यात होतं. आणि तेवढ्यात मी टीडीएस पेन टबात बुडवलं आणि ते एररवर गेलं, कारण पेन दहा हजारच्या खालीच मोजतं. टबात लिटरला ५० ग्रॅम मीठ घालतात. समुद्राचं पाणी असतं लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या आळ्यात, विहिरीपासून पाचपन्नास पावलांवर, दर टबामागे समुद्रापेक्षा खारट शंभर लिटर पाणी ओतलं जात होतं, ५ किलो मीठ. कोळसा मिठाला हातही लावत नाही. सोड्यालाही नाही. बाटलीत चकचकीत पाणी दिसत होतं त्यात मीठ तेवढंच होतं, वर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडातून अ‍ॅसिटेट आलं होतं. माड खारं थोडंफार सोसतो म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आजींना दिसली ती निळी झाक, मीठ दिसत नाही ना. विहिरीचा टीडीएस बघितला तर पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, जी ५०० ची मर्यादा आहे तिच्या बराच वर. किनाऱ्याजवळ आहे म्हणून समुद्राचंच पाणी घुसलं असेल अशी शंका एकाने काढली, रास्त होती, म्हणून समुद्राच्या अजून जवळ असलेल्या दुसऱ्या एका विहिरीचं पाणी मोजलं. ते गोडं निघालं.

रंगाच्या पाण्याचा विषय निघाला की कोळसा, तुरटी, केळीचे खुंट असल्या गोष्टी आधी येतात आणि टबात काय घालतो ते शेवटी, हे मला पटत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. तिथे २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने डाईंग युनिट बंद करायला लावले तेव्हा भांडण नुसत्या रंगाचं नव्हतंच, नोय्यल नदीत जाणाऱ्या मिठाचंही होतं, आणि पुढे तिथे मीठ परत काढून पुन्हा वापरायची यंत्रणा उभी राहिली. ते करोडोंचं काम, वाडीतल्या मांगरात होणार नाही. पण तत्त्व तेच, मीठ बाहेर सोडायचंच नाही.

गटाने मग रंगवायची पद्धतच बदलली. टाय-डायला टबात बुडवायची गरजच नसते. कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळायचं, ते सोड्याचं पाणी फेकायचं नाही, पुढच्या खेपेला तेच. मग कोल्ड रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे गरम न करता बसणारा, रंग दाट करून बाटलीने थेट कापडावर सोडायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा. यात मीठ शून्य. रंग थोड्या पाण्यात दाट असतो आणि वेळ मिळतो म्हणून बसतोही चांगला. कोकणातल्या उन्हाळ्यात उब आयतीच. राहतं ते फक्त धुण्याचं पाणी. त्यातही पहिलं धुणं थोड्या पाण्यात, ते वेगळ्या टाकीत, कारण बहुतेक रंग त्यातच निघतो. शेवटचं धुणं जवळपास स्वच्छ असतं, ते पुढच्या खेपेचं पहिलं धुणं. बायका म्हणाल्या हे तर आम्ही तांदूळ धुताना करतोच की.

एकसारख्या रंगाच्या साड्यांना मात्र टब लागतोच. त्यासाठी ठरलं की टबाचं पाणी कोळशाने साफ करून त्याच मिठाच्या पाण्यात पुढची गडद रंगाची खेप काढायची, वरून थोडं मीठ आणि नवा सोडा घालून. फिकट रंगाला हे चालत नाही, उरलेल्या झाकीने छटा बिघडते. काळा आणि नेव्हीला कोण बघतंय.

मग कुठे फिल्टरला अर्थ आला, कारण आता त्यात जाणारं पाणी थोडं होतं. दोनशे लिटरचा ड्रम, तळाला खडी, मग चुरी, मग नदीची वाळू (समुद्राची नको, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो आंबट पाण्यात विरघळून पीएच वर नेतो), मग साठेक लिटर सुरूचा कोळसा एक-दोन मिलिमीटरचा चाळलेला, वर परत वाळू. पाणी खालून वर चढवलं, कारण वरून ओतलं की ते ड्रमच्या कडेकडेने वाट काढतं आणि मधला कोळसा कोरडाच राहतो. पहिल्या बादलीचा हाही एक रोग होता. नळ इतका बारीक की मिनिटाला लिटरभर, म्हणजे पाणी कोळशाच्या थरात बराच वेळ असतं. मोठे रेणू छिद्रात सावकाश जातात, घाई केली की सुटले. बाहेर पडणाऱ्या पाण्याची दर खेपेला एक छोटी बाटली भरून खिडकीतल्या पट्टीशेजारी ठेवायची, १२ च्या बाटलीशी जुळायला लागली की कोळसा बदलायचा. हिशोबाने जितकं चालायला पाहिजे त्याच्या साधारण निम्मंच चालतो, कारण खालचा थर भरला तरी वरचा अर्धवटच असतो. ड्रममधून आलेल्या पाण्याला शेवटी दुकानातली पूड चिमूटभर, थोडी तुरटी, आणि रात्रभर निवळत ठेवायचं. नुसत्या तुरटीने हे रंग खाली बसत नाहीत, ते फार विरघळणारे असतात, पण कोळशाची पूड मात्र तुरटीने छान बसते. पेणकडे गणपतीच्या कारखान्यात रंगाचं पाणी तुरटीने निवळतं ते बघून कुणी इथे तेच करायला जातो, पण तिथले रंग बहुतेक पिगमेंट, म्हणजे न विरघळणारे कण, त्यांचं गणित वेगळं.

फिरोजी बंद केला. तो कोळशाला जुमानत नाही, कापडावरही कमी बसतो आणि त्यात तांबं आहे. दोन दुकानांनी कुरकुर केली, एकाने ऑर्डर कमी केली. त्याऐवजी निळा आणि पिवळा मिसळून एक हिरवट निळा काढला आहे, तो फिरोजी नाही हे कुणालाही कळतं.

पावसाळ्यानंतर विहिरीतली झाक गेली, ती तशीही गेली असती, आपल्याकडचा पाऊस काय कमी आहे का. खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यातली. तेव्हा पांढऱ्या बादलीत काही दिसलं नाही आणि टीडीएस आधीच्या मेपेक्षा बराच खाली होता, पण त्या दुसऱ्या गोड्या विहिरीइतका नाही. जांभ्यात मुरलेलं मीठ एका पावसात निघत नाही बहुतेक. आजी त्या विहिरीचं पाणी अजून भांड्यांनाच वापरतात, प्यायला नळाचं.

राहिला वापरलेला कोळसा, आणि हे कुणी सांगत नाही. रंग नाहीसा झालेला नसतो, कोळशात जाऊन बसलेला असतो. चुलीत घालायचा नाही, कारण हे बहुतेक अ‍ॅझो रंग (ज्यांच्या रेणूत दोन नायट्रोजनचा जोड असतो ते), त्यात क्लोरीन, सल्फर, नको तो धूर. माडाच्या आळ्यात खत म्हणून घालायचा नाही, बायोचार म्हणतात तो हा नव्हे. शोषखड्ड्यात पुरला तर हवा नसलेल्या जागी जिवाणू अ‍ॅझोचा बंध तोडतात आणि अ‍ॅरोमॅटिक अमाइन सुटू शकतात, त्यातली काही कॅन्सरची शंका असलेली आणि त्याच कारणाने केंद्र सरकारने १९९७ मध्ये बऱ्याच अ‍ॅझो रंगांवर बंदी आणलेली. कारखान्यांचा असला कार्बन घातक कचऱ्याच्या नियमांखाली जातो, तळोज्याला त्याची जागा आहे, पण तिथे ट्रकने माल जातो, एका बचत गटाच्या दोन गोण्या कोण नेणार. सध्या त्या गोण्या वाळवून, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून, मांगराच्या माळ्यावर ठेवल्या आहेत, तारीख आणि रंगाचं नाव लिहून. ड्रमातला कोळसा बदलायची वेळ आता पूर्वीपेक्षा बरीच उशिरा येते. आजूबाजूच्या तालुक्यात असे रंगवणारे अजून चार-पाच गट आहेत, सगळ्यांचा कोळसा एकत्र करून एकदाच कुणा परवानाधारकाकडे द्यायचा असं बोलणं चालू आहे. भाडं कोणी भरायचं यावर ते अडलं आहे.